तबकडी फिरते, नाभी जागची हलत नाही

‘शिर्डीत सूर्यावर भात शिजतो, संस्थानाला इंधनाचा एक पैसा लागत नाही!’ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा निरोप पुन्हा येऊन पडला. चमत्काराचा शेंदूर त्याला आधीच फासलेला होता. प्रकरण त्याहून मजेदार आहे.

प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली ७३ आरशांच्या तबकड्या बसल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. त्यांनी एकवटलेल्या उन्हाने पाण्याची वाफ होते, ती नळीतून स्वयंपाकघरात येते आणि तिच्यावर भात शिजतो. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख, त्यात सरकारी अनुदान ५८ लाखांच्या घरात.

साधी अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या बाकाची, तबकडी सूर्याकडे वळवली की तिची नाभीही, म्हणजे किरण एकवटतात तो बिंदूही, वळते. मग पातेलं घेऊन नाभीमागे धावायचं का? वोल्फगांग शेफलर या माणसाने अख्खा अन्वस्त न घेता त्याचा कडेचा तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर तासाला १५ अंशांनी फिरवला. नाभी त्या आसावरच असल्याने जागची हलत नाही. पण सूर्य वर्षभरात साडेतेवीस अंश उत्तरेला, तेवढाच दक्षिणेला सरकतो, त्याचं काय? आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, हे शाळेत शिकलो होतो. म्हणून तबकडी निम्मीच, पावणेबारा अंशांपर्यंत कलवायची. एवढ्याने भागत नाही, कारण कललेल्या तबकडीला वेगळ्या अन्वस्ताचा आकार लागतो. म्हणून तिची चौकटच लवचीक ठेवलेली असते. ऋतूप्रमाणे ती ताणून किंवा सैल करून बाक बदलतात. लोखंडाची चौकट वाकवून भूमिती दुरुस्त करायची, याला म्हणतात डोकं!

आता पैसा. रोजची क्षमता साडेतीन हजार किलो वाफेची. साध्या पाण्याची किलोभर वाफ करायला सुमारे २५५० किलोज्यूल लागतात. बॉयलरमधली गळती धरून हिशेब केला, तर दिवसाला २४० किलो गॅस वाचतो, म्हणजे घरगुती १७ सिलिंडर. उन्हाचे २५० दिवस आणि गॅस किलोला ५० रुपये धरला, तर वर्षाला ३० लाख. संस्थानाचे ७५ लाख अडीच वर्षांत वसूल. अनुदान नसतं तर साडेचार वर्षं लागली असती. विश्वस्तांचं खरं काम इथे दिसतं. मुकुट चढवला की फोटो छापून येतो, वाफेच्या नळीवर दात्याचं नाव कोण कोरणार?

आणि गॅस सुटलेला नाही. ढग आले की बॉयलर पेटतो, त्याची वाफ त्याच नळीतून येते. मोठ्या पातेल्यापाशी उभ्या आचाऱ्याला आजचा भात उन्हावर शिजला की गॅसवर, हे गच्चीवर जाऊन बघावं लागेल.