मल्टिमीटरच्या पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा?

मल्टिमीटर सगळ्यात लहान ओहम (म्हणजे रोध मोजायच्या) रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोबची, म्हणजे लाल आणि काळ्या वायरीची, टोकं एकमेकांना टेकवा आणि पडद्याकडे बघा. शून्य यायला हवं. येतं ०.२, ०.३, कधी ०.५. टोकं जरा दाबून धरली की आकडा उतरतो, हात सैल पडला की चढतो. मीटर बिघडलेला नाही. लाल जॅकपासून निघून लाल वायर, लाल टोक, काळं टोक आणि काळ्या वायरमधून परत काळ्या जॅकपर्यंत येणाऱ्या संपूर्ण रस्त्याचा रोध तो दाखवतोय. आपण मोजायला घेतलेली वस्तू कुठे सुरू होते आणि वायर कुठे संपते, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. मल्टिमीटरची बरीचशी चुकीची रीडिंगं इथूनच जन्माला येतात.

दहा हजार ओहमचा रेझिस्टर मोजताना ०.३ ओहम कुणाच्या खिजगणतीतही नसतात. पण एखाद्या मोटरच्या गुंडाळीचा किंवा स्विचच्या संपर्काचा रोधच १ ओहम असेल, तर तेवढ्यानेच ३० टक्के चूक होते. उपाय टोपलीसकट भाजी तोलणाऱ्याचाच: टोपलीचं वजन वजा करायचं. काही मीटरवर त्यासाठी ‘रेल’ नावाचं बटण असतं. नसेल तर कागदावर वजाबाकी करावी. मात्र वजा होतो तो वायरचा रोध, जो ठरलेला असतो. टोक आणि धातू यांच्या संपर्कातला रोध दर वेळी वेगळा निघतो, हाताच्या दाबावर बदलतो. म्हणून एक ओहमच्या खालच्या मोजमापावर साध्या मीटरच्या भरवशावर राहू नये.

तिथे लॉर्ड केल्विन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार तारांची पद्धत कामी येते. दोन तारांतून ठरावीक करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोन तारांनी, थेट वस्तूच्या दोन टोकांवर, व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज मोजणाऱ्या तारांतून करंट जवळपास वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाने काही बिघडत नाही. यासाठी महागडं यंत्रच हवं असं नाही. करंट मर्यादित ठेवता येणारा पॉवर सप्लाय असेल तर तारेतून बरोबर १ अँपिअर सोडा आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून तारेवर प्रोब लावा. ३७ मिलिव्होल्ट दिसले तर रोध ३७ मिलिओहम. साध्या मीटरच्या ओहम रेंजवर हे कधीच दिसलं नसतं.

प्रोबकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. मीटर निवडताना दहा वेळा विचार करणारी माणसंही सोबत आलेल्या वायरी वर्षानुवर्षं तशाच वापरतात. टोकावरचा मुलामा झिजतो, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, सोल्डरिंगचा फ्लक्स चिकटतो. वायर तुटते ती बहुधा मधे नव्हे, तर जिथे ती प्लगमध्ये किंवा मुठीत शिरते तिथे, कारण रोजची वाक तिथेच पडते. बाहेरून आवरण धडधाकट, आत तांब्याच्या तारांपैकी दोन-चारच शाबूत. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: टोकं क्लिपने एकत्र घट्ट धरा, मीटर ओहमवर ठेवा आणि वायर प्लगपाशी व मुठीपाशी हळूहळू वाकवा. आकडा उड्या मारू लागला तर ती वायर बदलायची वेळ झाली. सिलिकॉनच्या आवरणाची वायर लवचीक असते, सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं तरी वितळत नाही. कडक पीव्हीसीपेक्षा ती कधीही बरी.

कंटिन्युइटीच्या, म्हणजे वाट अखंड असल्याचं सांगणाऱ्या, बीपवरही लोक गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतात. बहुतेक मीटर काही दहा ओहमपर्यंतच्या रोधाला बीप देतात. गंजलेल्या जोडात १५ ओहम असतील तरी आवाज येईल, आणि त्याच जोडातून दोन अँपिअर ओढायला गेलं की सगळं व्होल्टेज तिथेच खर्ची पडेल. बीप ऐकल्यावर एकदा पडद्यावरचा आकडाही वाचावा.

व्होल्टेज मोजताना वायरचा रोध जवळजवळ बिनमहत्त्वाचा ठरतो, पण तिथे मीटर स्वतःच मध्ये येतो. डिजिटल मीटरचा आतला रोध डीसी व्होल्टवर साधारण १० मेगाओहम असतो. १० व्होल्टच्या सप्लायवर एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. मीटर लावला की खालच्या रेझिस्टरला समांतर १० मेगाओहम जोडले जातात आणि पडद्यावर ४.७६ दिसतं. मीटर खोटं बोलत नाही, त्या क्षणी तिथे खरोखरच ४.७६ व्होल्ट असतात. मीटर काढला की पुन्हा ५.

काट्याच्या मीटरवर हीच गोष्ट फार ठळकपणे दिसते. ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकॅडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच उपकरणात आणले आणि १९२३ साली त्यांचा ‘अ‍ॅव्हो’ मीटर विक्रीला आला. त्याच घराण्यातलं पुढे गाजलेलं आठवं मॉडेल डीसीवर २०,००० ओहम प्रति व्होल्टचं होतं, आणि त्या काळात हा आकडा चांगलाच मानला जाई. पण त्याचा अर्थ असा की १० व्होल्टच्या रेंजवर मीटरचा रोध फक्त २ लाख ओहम. वरच्याच सर्किटला असा मीटर लावला तर ५ ऐवजी १.४३ व्होल्ट दिसतील. म्हणूनच जुन्या रेडिओंच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये व्होल्टेजच्या तक्त्याजवळ ती कोणत्या संवेदनशीलतेच्या (म्हणजे किती ओहम प्रति व्होल्टच्या) मीटरने मोजली आहेत हेही छापलेलं असे. आज तोच तक्ता समोर ठेवून डिजिटल मीटर लावला आणि आकडे जास्त आले, तर रेडिओला दोष देण्याआधी ती ओळ वाचावी.

उलट बाजूने, एवढ्या मोठ्या रोधामुळे डिजिटल मीटरला भुतंही दिसतात. दोन्ही टोकं मोकळी असलेली एखादी वायर चालू वायरीच्या सोबतीने पाइपमधून गेली असेल, तर तिच्यावर मीटर ४० किंवा ८० व्होल्ट एसी दाखवू शकतो. दोन वायरी मिळून नकळत एक छोटा कपॅसिटर बनलेला असतो आणि त्यातून झिरपणारा नगण्य करंटही १० मेगाओहमवर भलामोठा आकडा उभा करतो. काही मीटरवर कमी रोधाचा ‘लो-झी’ मोड असतो, त्यात आतला रोध काही हजार ओहमवर येतो आणि भूत नाहीसं होतं. नाहीसं झालं नाही, तर ते भूत नव्हतंच.

मोजणाऱ्याचं शरीरही सर्किटात शिरतं. मेगाओहमचा रेझिस्टर दोन्ही हातांनी टोकांवर दाबून धरला की त्वचेचा रोध त्याला समांतर येतो आणि आकडा घसरतो. एका बाजूचं टोक क्लिपने पकडावं, बोटं एकाच बाजूला. बोर्डवर बसवलेल्या रेझिस्टरचंही तसंच: आजूबाजूच्या घटकांतून वाटा असतात, त्यामुळे रीडिंग बहुधा कमीच येतं. कपॅसिटर रिकामे केलेत ना, हे बघायला प्रोबची अदलाबदल करून पाहावी. आकडा बदलला तर सर्किटात व्होल्टेज शिल्लक असेल किंवा वाटेत एखादा डायोड किंवा ट्रान्झिस्टर असेल.

आता अचूकतेबद्दल. पडद्यावर ० ते १९९९ एवढेच आकडे दाखवू शकणाऱ्या मीटरच्या माहितीपत्रकात ‘रीडिंगच्या ०.५ टक्के अधिक २ अंक’ असं लिहिलंय असं धरू; २ अंक म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या स्थानातला २ चा फरक. २० व्होल्टच्या रेंजवर बॅटरीचं व्होल्टेज १२.६० दिसलं, तर चूक ०.०६३ अधिक ०.०२, म्हणजे खरी किंमत १२.५२ ते १२.६८ च्या मध्ये कुठेतरी. तीच बॅटरी २०० व्होल्टच्या रेंजवर मोजली तर तेच २ अंक ०.२ व्होल्टचे होतात. बॅटरी किती चार्ज आहे हे अर्ध्या व्होल्टच्या फरकावर ठरत असेल, तर या रेंजवर ते ठरवता येणार नाही.

मीटरचीच बॅटरी उतरली की काही मीटर बेधडक जास्तीचे आकडे दाखवतात, म्हणून बॅटरीचं चिन्ह दिसताच ती बदलावी. एसी मोजताना साधे मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतात. ही किंमत फक्त शुद्ध साइन लाटेला बरोबर असते. चौकोनी लाट ते सुमारे ११ टक्के जास्त दाखवतात. इन्व्हर्टर किंवा डिमरवर मोजायचं असेल तर लाटेचा आकार कसाही असला तरी खरी किंमत काढणारा ‘ट्रू आरएमएस’ मीटर घ्यावा.

करंट मोजताना मीटर सर्किटाच्या ओळीत बसतो. ३.३ व्होल्टचं सर्किट १०० मिलिअँपिअर घेत असेल आणि शंट (करंट मोजायचा मीटरमधला छोटा रेझिस्टर), फ्यूज व वायरी मिळून २ ओहम होत असतील, तर ०.२ व्होल्ट मीटरच खातो आणि सर्किटाला ३.१ मिळतात. त्याहून मोठा धोका नंतरचा: लाल प्रोब अँपिअरच्या जॅकमध्येच राहतो आणि पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला तो मेन्सवर टेकवला जातो. तो थेट शॉर्ट असतो. मीटरमधला योग्य दर्जाचा फ्यूज यासाठीच असतो, आणि तो उडाल्यावर मिळेल तो साधा काचेचा फ्यूज बसवणं म्हणजे ते संरक्षण काढून टाकणं. प्रोबवर छापलेली कॅट श्रेणीही, म्हणजे तो कुठल्या जागी वापरायला सुरक्षित आहे हेही, बघावी: सॉकेटसाठी कॅट २, वितरण बोर्डासाठी कॅट ३, मीटरपेटीच्या पुरवठ्याच्या बाजूला कॅट ४. मीटर कॅट ३ चा आणि प्रोब कॅट २ चा असेल, तर जोडी कॅट २ चीच.

सगळ्यात संशयास्पद रीडिंग शून्य व्होल्टचं. सप्लाय बंद असेल तरी शून्य, वायर आतून तुटली असेल तरी शून्य, नॉब एसीऐवजी डीसीवर राहिला असेल तरी मेन्सवर जवळपास शून्यच. म्हणून वीज बंद असल्याची खात्री करताना मीटर आधी एखाद्या चालू ठिकाणी तपासतात, मग बंद केलेल्या वायरवर लावतात, आणि हात घालण्याआधी पुन्हा त्याच चालू ठिकाणी. ही तिसरी तपासणी घाईत गाळली जाते, पण प्रोब दरम्यान तुटलेला नाही हे तिच्यातूनच कळतं.