जमैकात ऑनलाइन स्किनकेअरचा धंदा: यामागचा इतिहास काय

जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथली एखादी बाई घरच्या किचनमध्ये काळं एरंडेल, कोरफडीचं जेल, हळदीचा साबण असलं काहीतरी बनवते, इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेते आणि माँटेगो बे शहरातल्या गिऱ्हाइकाचं पार्सल नट्सफर्ड एक्सप्रेसच्या बसने पाठवून देते. हा धंदा सुरू कसा करायचा असं कुणी विचारलं की लोक लगेच लोगो, वेबसाइट, फॉलोअर्स यावर सुरू होतात. पण जरा मागे जाऊन बघितलं तर यातलं ऑनलाइन तेवढं नवीन आहे, बाकी बायकांनी घरी बनवायचं, ओळखीवर विकायचं आणि लागणारं सामान बाहेरून कसंबसं आणायचं हे तिथे दोन-अडीचशे वर्षं चाललंय. आणि अडचण माल बनवण्यात कधीच नव्हती, ती कायम माल बनल्यानंतरच आलीये.

आधी त्या काळ्या एरंडेलाचं बघू, कारण जमैकाचं नाव जगाच्या बाथरूममध्ये नेलं ते त्यानेच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर एरंडाची विद्या तिथे आली असं मानतात. पद्धत साधी पण कष्टाची, बिया लोखंडी भांड्यात चांगल्या काळपट होईपर्यंत भाजायच्या, उखळात कुटायच्या, मग तो चिकट लगदा पाण्यात घालून चुलीवर तासन्‌तास उकळायचा, वर तेल तरंगायला लागलं की ते पळीने काढून घ्यायचं आणि पुन्हा कढवून पाणी उडवायचं. भाजल्यामुळे आणि राखेमुळे तेल गडद होतं आणि धुरकट वास येतो. आपल्याकडे खेड्यात उकळून एरंडेल काढताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त आपण ते पोटाला जास्त घेतलं आणि त्यांनी केसाला आणि अंगाला. बियांमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं, ते तेलात उतरत नाही आणि उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे भाजणं-उकळणं ही नुसती परंपरा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

आता विकणाऱ्यांचं. जमैकात ऊसमळ्यांचे मालक गुलामांना पोसायचा खर्च वाचावा म्हणून डोंगरउतारावरची पडीक जमीन द्यायचे, तिथे पिकवा आणि खा. त्यातून उरलेलं लोक रविवारच्या बाजारात विकायला लागले आणि विकायला जास्त करून बायकाच असायच्या. एडवर्ड लाँग नावाच्या मळेवाल्याने १७७४ साली अंदाज केला होता की बेटावर फिरणाऱ्या सुट्ट्या चांदीच्या नाण्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा गुलामांच्या हातात आहे. म्हणजे कायद्याने जे स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होते त्यांच्या हातात बाजाराचं चलन होतं, यावर जरा थांबून विचार करा! १८३८ साली पूर्ण स्वातंत्र्य मिळाल्यावर याच बायका हिग्लर झाल्या, गावाकडून माल उचलायचा, शहरात विकायचा, उधारी तोंडी.

औषधी तेला-लेपांची बाजू वेगळ्या बायका सांभाळायच्या, त्यांना डॉक्ट्रेस म्हणायचे. मेरी सीकोल, जी पुढे क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची सेवा करून गाजली, ती १८०५ साली किंग्स्टनमध्येच जन्मली आणि जडीबुटी शिकली ती तिच्या आईकडून. सेंट थॉमस परगण्यातल्या बाथ नावाच्या गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर तर सतराव्या शतकाच्या शेवटापासून लोक त्वचेच्या तक्रारी घेऊन येतायत. शेजारच्या बेटांवरही हेच, ब्रिटिश काळात बार्बाडोसहून कोरफडीचा वाळवलेला रस इतका बाहेर जायचा की शास्त्रीय नावातच अ‍ॅलो बार्बाडेन्सिस चिकटलं, ते आजही क्रीमच्या बाटलीमागे वाचायला मिळतं. अरुबात तर कोरफडीची कंपनी १८९० पासून आहे.

भारताचा धागा म्हणाल तर तोही आहे, पण मराठी माणसाचा नाही. १८४५ च्या मे महिन्यात ब्लेनहाइम नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, त्यातून करारावरचे पहिले भारतीय मजूर उतरले, आणि १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या वर लोक गेले, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याहून चढलेले. त्यांच्याबरोबर गांजा गेला असं मानतात. १९१३ साली त्यावर बंदी आली आणि थेट २०१५ मध्ये कायदा बदलून दोन औंसांपर्यंत जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि लायसन्स द्यायला वेगळी अथॉरिटी बसवली. सीबीडी (गांजाच्या रोपातलं नशा न आणणारं द्रव्य) घातलेले बाम, फेस ऑइल वगैरे जे आज दिसतं त्याची वाट तिथून उघडली.

माझ्या मते आजच्या ऑनलाइन धंद्याचा खरा बाप मात्र १९७० चं दशक आहे. परकीय चलनाचा तुटवडा, आयातीवर निर्बंध, दुकानातली फडताळं रिकामी, तेव्हा हिग्लर बायकांनी काय केलं तर रिकाम्या बॅगा घेऊन विमानात बसल्या, मायामी, पनामातला कोलोन फ्री झोन (करमुक्त व्यापारपेठ), हैती, आणि तिथून साबण, शाम्पू, क्रीम, कपडे, चपला जे मिळेल ते भरून आणलं आणि फुटपाथवर विकलं. सरकारने आधी डोळे वटारले, मग १९८० च्या दशकात त्यांना इन्फॉर्मल कमर्शियल इम्पोर्टर असं भारदस्त नाव दिलं आणि ड्युटी वसूल करायला सुरुवात केली. १९९१ मध्ये चलनावरची बंधनं उठली, त्याच वर्षी जनरल कन्झम्प्शन टॅक्स म्हणजे विक्रीवरचा करही आला, आणि जमैकन डॉलर गडगडला तो गडगडलाच. मायामी मात्र सुटलं नाही. आज बॅग घेऊन जायची तेवढी गरज उरली नाही, मायामीतल्या गोदामाचा पत्ता देऊन अ‍ॅमेझॉनवर ऑर्डर करतात आणि मेलपॅकसारखी कंपनी ते बेटावर आणून देते (ही कंपनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या शेअर बाजारात लिस्टसुद्धा झाली). घरगुती क्रीमवालीच्या बाटल्या, पंप, शिया बटर, प्रिझर्व्हेटिव्ह यातलं बरंच याच वाटेने येतं. त्यामुळे अमेरिकन डॉलर वर गेला की कोरफड परसातली असली तरी जेल महागतं.

एक काळी बाजूही सांगायला हवी. तिथे स्किनकेअर म्हटलं की अनेकांच्या डोक्यात पहिलं येतं ते ब्लीचिंग, म्हणजे कातडीचा रंग उतरवणं. गोऱ्या मळेवाल्यांच्या समाजात उजळ रंगाला घरातलं काम, शिक्षण, मान मिळायचा, आणि ते खूळ अजून गेलेलं नाही (आपण यावर फार बोलू नये, आपल्याकडे लग्नाच्या जाहिराती काय सांगतात ते माहितीच आहे). हायड्रोक्विनोन, स्टेरॉइड, कधी पारा असलेली क्रीमं फुटपाथवर बिनलेबल विकली जायची. आरोग्य खात्याने २००७ साली 'डोन्ट किल द स्किन' मोहीम काढली, दुकानांवर छापे पडले. तरी २०१०-११ च्या आसपास डान्सहॉल या तिथल्या संगीतातला गायक व्हिब्ज कार्टेल आपला उजळ झालेला रंग केक सोपमुळे, म्हणजे कपडे धुवायच्या निळ्या साबणामुळे आला म्हणून सांगत होता. आज जी नवी पोरगी दर पोस्टमध्ये ब्लीच नाही, पारा नाही असं लिहिते ती फॅशन म्हणून लिहीत नाही, गिऱ्हाइकाचा पहिला संशयच तो असतो.

साधारण त्याच काळात अमेरिकेत यूट्यूबवर काळ्या बायकांची नॅचरल हेअरची लाट आली, केस सरळ करायची केमिकलं सोडा, तेल लावा, आणि जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइलला सोन्याचे दिवस आले. पण सोनं नेलं कुणी? शिया मॉइश्चरने या नावाची अख्खी रेंज काढली, तो ब्रँड सुरू केला लायबेरियातून आलेल्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये आणि २०१७ मध्ये घेतला युनिलिव्हरने. जगातलं बहुतांश एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतं, आणि बाटलीवर जमैका असलं तरी बी कुठलं हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. जमैकातल्या सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या चुलीवरच्या तेलाला या बाटलीशी भावात टक्कर देणं जमणार कसं.

बाकी रस्ता उघडला फोनने. केबल अँड वायरलेस या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी होती तोपर्यंत साधी लाइन मिळायला वर्षं जायची, २००० चा टेलिकॉम कायदा आला, २००१ च्या एप्रिलमध्ये डिजिसेल ही मोबाइल कंपनी उतरली आणि बाजारातल्या हिग्लरच्या हातातही मोबाइल आला. मग फेसबुक, इन्स्टाग्राम. २०२० मध्ये कोविडने टुरिझम बंद पाडला तेव्हा घरी बसलेल्या कितीतरी जणींनी साबण-तेलाला हात घातला. मात्र पैसे घेणं तिथे अजून डोकेदुखी आहे. स्ट्राइप ही ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा वर्षानुवर्षं जमैकन मर्चंटला सरळ मिळालीच नाही, बँकेचं कार्ड गेटवे घ्यायचं तर कागदपत्रं आणि फी, म्हणून ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट नाहीतर डिलिव्हरीला कॅश. मध्ये त्रिनिदादची वायपे ही तशीच सेवा आली, २०२२ मध्ये सेंट्रल बँकेने जॅम-डेक्स हे डिजिटल चलनही काढलं, पण सवय स्क्रीनशॉटचीच राहिली.

कागदांचं म्हणाल तर नाव नोंदवणं आता सोपं झालंय, कंपनीज ऑफिसचा एकच सुपर फॉर्म भरला की टॅक्स वगैरेची नोंदणी त्यातच होते. खरी मेख १९६४ च्या फूड अँड ड्रग्ज कायद्यात आहे, कारण तो कॉस्मेटिक्सला औषधांच्या शेजारी बसवून आरोग्य खात्याच्या ताब्यात देतो, आणि एक्झिमा बरा होतो असं एक वाक्य पोस्टमध्ये घातलं की तुमचं क्रीम औषधाच्या रांगेत जाऊन उभं राहतं. लेबल बघायला एनसीआरए ही सरकारी संस्था वेगळी. मदतही सरकारीच मिळते, फॉर्म्युला आणि टेस्टिंगला १९६० पासूनची सायंटिफिक रिसर्च कौन्सिल, पॅकेजिंग आणि ट्रेनिंगला जेबीडीसी, म्हणजे छोट्या धंद्यांना मदत करणारं महामंडळ. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून डेटा प्रोटेक्शन कायदा लागू झालाय, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर साठलेले गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर कसे ठेवता याचाही हिशोब आला, जो त्या रविवारच्या बाजारात कुणी कधी मागितला नव्हता.