मेजर सिक्स्थ: भूपातले चार सूर, गिटारवर एकदम

(आमच्याकडून गिटार नेणाऱ्यांसाठी आणि रविवारच्या वर्गाला येणाऱ्यांसाठी)

गिटार नेऊन दोन-तीन महिने झाले की बरेचजण कॉर्डचा मोठा तक्ता मागायला पुन्हा दुकानात येतात. तक्ता आम्ही देतो. पण त्यातला ‘६’ लिहिलेला, म्हणजे मेजर सिक्स्थ कॉर्डचा, रकाना घोकत बसू नका. तुम्हाला येणाऱ्या कोणत्याही मेजर कॉर्डमध्ये एकच सूर वाढवायचा आहे.

नागपुरात गिटारकडे वळणारे बरेचजण आधी पेटी शिकलेले असतात, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. मेजर म्हणजे सा ग प. त्यात शुद्ध धैवत घातला की सिक्स्थ: सा ग प ध. पांढरी एकचा सा धरलात तर सी, ई, जी, ए, म्हणजे सी सिक्स. भूप रागातला फक्त रिषभ बाहेर राहिला. तोही घेतला तर सिक्स-नाइन होते आणि अख्खा भूप एका फटक्यात वाजतो. धैवत सापडत नसेल तर त्याच तारेवर पंचमापासून २ फ्रेट पुढे जा. सापासून मोजाल तर ९.

सुरुवात जीपासून करा, कारण इथे बोट लावायचं नाही, काढायचं आहे. जी मेजर धरा आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवरचं बोट उचला. जाड तारेकडून वाचलं तर ३ २ ० ० ० ० (आकडा म्हणजे फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार). मोकळी बारीक तार ई सुराची असते आणि ई हाच जीचा धैवत.

डीमध्ये गंमत जास्त आहे. वरच्या दोन जाड तारा सोडून ० २ ३ २ हा डी मेजर. आता फक्त दुसऱ्या तारेकडे बघा. तिथे ३ वर सा आहे, २ वर शुद्ध नी, आणि मोकळी सोडली की ध. एकेका कॉर्डला चार-चार मात्रा देऊन मेजर, मेजर सेव्हन, सिक्स असं वाजवा; सा-नी-ध ही उतरती ओळ स्पष्ट ऐकू येईल. आमच्या वर्गात बहुतेकांना सिक्स्थ पहिल्यांदा कळते ती इथेच.

ईला करंगळी दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला टेका. एला पाचवी तार मोकळी ठेवून तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर बारीक चार तारांवर आडवी टाका.

तक्रार येते ती सीची. सी मेजर धरून करंगळीने तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट दाबतात आणि म्हणतात, “हे तर ए मायनरच वाजून राहिलं!” कान बरोबर आहे हो. त्या बोटाखाली जी सूर, म्हणजे पंचम, दबून गेला. उरले सी, ई, ए, आणि तोच ए मायनर. पंचम हवा असेल तर × ३ ५ ५ ५ ५ धरा (× म्हणजे ती तार वाजवायची नाही): तर्जनी पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या फ्रेटवर आडवी. हाच आकार २ फ्रेट पुढे सरकवला की डी सिक्स.

पण पंचम घेतला तरी गोंधळ पुरता मिटत नाही. सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन यांचे चारही सूर तेच आहेत. खर्जात सी असेल तर पहिली, ए असेल तर दुसरी. भूपाच्या धैवताला सा मानलं की धानी राग होतो, तसंच हे. तुमच्यासोबत बेस गिटारवाला असेल तर कॉर्डचं नाव शेवटी त्याच्याच हातात असतं!

वापर कुठे? गाणं सावर येऊन थांबतं तिथे. मेजर सेव्हनमधला नी गाणाऱ्याच्या साला अर्ध्या सुराने घासतो. सिक्स्थमधला ध घासत नाही. ब्लूजच्या चालीत ती वेगळ्या रूपात भेटते: पाचवी तार मोकळी, चौथीवर आलटून पालटून दुसरा आणि चौथा फ्रेट.

एची ती आडवी तर्जनी कितीही दाबली तरी तार फसफसत असेल, तर आधी गिटार तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि गिटार नेमकी कूलरसमोरच्या कोपऱ्यात उभी असते. ओल्या हवेने लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते, तारा उंच होतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर जागा ठीक. त्याहून बरीच जास्त दिसली तर गिटार घेऊन या, दुकानातच बघून देऊ. बर्डीवरच्या दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी चालेल.

युकुलेले नेलेल्यांनी काहीच धरू नये. नेहमीच्या जुळणीत तिच्या चार मोकळ्या तारा जी, सी, ई, ए अशाच असतात. नुसता हात फिरवा, सी सिक्स वाजते.