खरी सुई, खोटी सुई

“मावशी, मी सुया टोचून घेऊ का गं?” कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालता चालता भाचीने विचारलं. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचं काम बिघडवणारा हार्मोनचा विकार आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आता बाळ हवंय. ओळखीतल्या एकीला ॲक्युपंक्चरनंतर दिवस राहिले, म्हणून हा प्रश्न.

सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठींना’ ती फार घाबरली होती. खरं तर त्या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेले बीजकोष आहेत. पुरुषी हार्मोन आणि बऱ्याच जणींत इन्सुलिनही वाढलेलं असतं, त्यामुळे बीज वेळेवर पिकून बाहेर पडत नाही.

सुईने नसा चाळवून अंडाशयाचं काम सुधारावं, ही कल्पना वेडगळ नाही. म्हणूनच चीनमध्ये, सुयांच्या माहेरीच, 1000 पीसीओएसग्रस्त स्त्रियांवर तिची परीक्षा झाली. अर्ध्या जणींना खरं ॲक्युपंक्चर, सुयांतून सौम्य वीज सोडून. बाकीच्यांना भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, वीज नसलेल्या सुया. दोन्ही गटांत पुन्हा निम्म्यांना बीज पिकवणारी क्लोमिफेनची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. सुया आठवड्यातून दोनदा, 16 आठवडे. कुणाला काय मिळतंय हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हतं.

2017 मध्ये निकाल छापून आला. गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांना मूल झालं, न घेतलेल्यांपैकी 15 टक्क्यांना. आणि सुया? खऱ्या सुयांच्या गटात 21.8 टक्के, खोट्या सुयांच्या गटात 22.4. काहीच फरक नाही.

“पण तिला तर राहिले!” भाची थांबली.

मी तिला चौथा गट सांगितला. सुई खोटी, गोळीही खोटी, तरी जवळपास 17 टक्के स्त्रियांना बाळ झालं. पीसीओएसमध्ये बीज उशिरा सुटतं, कायमचं बंद होत नाही. त्या महिन्यांत जी कुणी सुया घेत असेल ती श्रेय सुयांनाच देणार, आणि तिचं समाधान मला खोटं वाटत नाही. पण भाचीचे चार महिने त्यात जावेत हे मला सोसवत नाही.

क्लोमिफेनपेक्षाही लेट्रोझोल ही बीज पिकवणारी दुसरी गोळी सरस ठरलीय: 2014 च्या अमेरिकी अभ्यासात 750 स्त्रियांपैकी लेट्रोझोलवाल्या 27.5 टक्के जणी आई झाल्या, क्लोमिफेनवाल्या 19.1 टक्के. ही गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

उरलेल्या दोन फेऱ्यांत आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ठरवले. पहिला लेट्रोझोलचा, दुसरा नवऱ्याच्या तपासणीचा.