पंचविसाव्या अंकावर अडलेला आकडा

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पंचवीस अंकी आहे, कोटी-अब्जात वाचायच्या भानगडीत पडू नका. याची गंमत डावीकडून एकेक अंक उघडत गेलं की कळते. पहिले दोन अंक घ्या, ३६, दोनने भाग जातो. तीन घ्या, ३६०, तीनने जातो. ३६०८ ला चारने, ३६०८५ ला पाचने, ३६०८५२ ला सहाने. सातची कसोटी काही माझ्या लक्षात राहत नाही म्हणून लाइट बिलाच्या मागे सरळ भागाकारच मांडला, ३६०८५२८ भागिले ७, उत्तर ५१५५०४, बाकी शून्य! आणि हे असंच पार शेवटपर्यंत चालतं, अख्ख्या आकड्याला २५ ने भाग जातो (तो तर शेवटच्या दोन अंकांवरूनच दिसतो).

अशांना पॉलिडिव्हिजिबल नंबर म्हणतात. नाव जडच आहे, पण ते बनवायला पोरखेळ. एक अंक लिहा, मग पुढे असा अंक जोडा की दोनने भाग जाईल, मग तीनने, असं करत जायचं. सुरुवातीला चॉइस भरपूर असतो, ३६ च्या पुढे ०, ३, ६, ९ काहीही चालतं. एक अंकी असे ९ आकडे, दोन अंकी ४५, तीन अंकी १५०, असे वाढत वाढत नऊ अंकी होतात २४९२. दहा अंकी पण बरोब्बर २४९२च, कारण १० ने भाग जायला शून्यच लावावं लागतं, दुसरा ऑप्शनच नाही.

आता खरी गोष्ट. पुढे जोडायला ० ते ९ अंक असतात, म्हणजे जोडल्यावर लागोपाठचे दहा आकडे मिळतात. लागोपाठच्या दहांत ७ च्या पाढ्यातला एक तरी असतोच, ८, ९, १० च्या पाढ्यातला पण, त्यामुळे तिथपर्यंत कोणीच अडत नाही. लोच्या होतो ११ पासून. दहा आकड्यांत ११ च्या पाढ्यातला एकही नाही असं होऊ शकतं, आणि २४९२ पैकी २६७ जण तिथेच गळतात. मग जसजसा भाजक मोठा होतो तसतशी टिकणाऱ्यांची संख्या घटत जाते, वीस अंकी फक्त ४४ उरतात, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी हा एकच. सगळे धरून २०४५६, बास, यापुढे नाहीतच.

मधेच एक सांगायचं राहिलं, १ ते ९ सगळे अंक एकेकदाच वापरून असा आकडा करायचा तर एकच होतो, ३८१६५४७२९. पाचव्या जागी ५ का, हे लगेच सुटतं, बाकीचं जरा डोकं खातं. करून बघा.

तर आपला पंचवीसवाला सव्वीसला का अडला? त्याच्या शेवटी ० लावून २६ ने भागलं की बाकी उरते १२. म्हणजे पूर्ण भाग जायला अजून १४ हवेत आणि शून्याच्या जागी लावायला सगळ्यात मोठा अंक ९.