नाल्याकाठची जमीन राखीव करायची आहे? आधी सातबारा काढा

नागपूरच्या चहूबाजूंनी लेआउट पडत चाललेत. कालपर्यंत ज्या नाल्यावर रोही (नीलगाय) पाण्याला यायची, त्याच्या काठावर आज प्लॉटचे दगड गाडलेले दिसतात. आपल्या शेतातला काठ तरी वाचावा असं वाटत असेल, तर कायद्यात सोय आहे. कोणती, ते जमीन कोणाची यावर ठरतं.

नाला आणि काठ सरकारी असेल, त्यातही अभयारण्याला लागून किंवा दोन जंगलांना जोडणारा असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 36 ए खाली ‘संवर्धन राखीव क्षेत्र’. जमीन खासगी किंवा गावाची असेल, तर 36 सी खाली ‘समुदाय राखीव क्षेत्र’. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांमागे लागू नका, त्यांतून नदीपात्रच वगळलेलं आहे.

तिसरा मार्ग जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 37 चा: जैवविविधता वारसा स्थळ. आंबोलीत एका छोट्याशा माशासाठी 2021 मध्ये असं स्थळ जाहीर झालं. हा प्रस्ताव गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत राज्य जैवविविधता मंडळाकडे न्यायचा. मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईच्या चकरा नाहीत.

शेतकऱ्याला जवळचा मार्ग 36 सी चा. अट अशी की जमीन राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवर्धन राखीव क्षेत्रात नसावी आणि मालकाने ती स्वखुशीने द्यावी. मालकी तुमचीच राहते.

प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे द्या. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी भेटलात तर बरं. सोबत ताजा सातबारा, आठ-अ, गाव नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत, सर्व सहधारकांची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी, तेवढी हजेरी लागते. काठावर कोणते प्राणी-पक्षी दिसतात, त्याचे तारीख घातलेले फोटोही जोडा.

सातबाऱ्यावर पोटखराबाची, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या तुकड्याची, ओळ नीट वाचा. ‘वर्ग ब’ लिहिलं असेल, तर तो तुकडा रस्ता किंवा इतरही लोक वापरतात अशा नाल्या-तळ्याखालचा असतो. त्यावर एकट्याची संमती चालेल असं धरू नका. विदर्भात निस्तार पत्रकही पाहावंच लागतं. त्यात चराई, सरपणाचे हक्क लिहिलेले असतात, आणि ते न पाहता केलेल्या ठरावाला ग्रामसभेत पहिला विरोध गुराख्यांकडूनच होतो. बरोबरच आहे त्यांचं. आमच्या भागातला एक ठराव तर निव्वळ गट क्रमांकातला एक आकडा चुकल्यामुळे परत आला होता. बिबट्याचे फोटो झकास होते.

सही करण्याआधी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर परस्पर बदलता येत नाही. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्यावर राज्य सरकारची मान्यता, दोन्ही लागतात. खासगी जमीन असेल तर 2022 च्या दुरुस्तीनुसार समितीवर मालक स्वतः असतो, सोबत वनविभागाचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी. पुढेमागे एनए (बिगरशेती) करून विकायचा विचार कोणा भावाच्या मनात असेल, तर तो आत्ताच बाहेर येऊ द्या.

मोजणीचा अर्ज उन्हाळ्याआधीच टाका. कापसाची पराटी छातीला लागली की भूकरमापक धुऱ्याच्या आत पाय ठेवत नाही.