यीस्टचं विरजण

लालबागच्या बेकरीत पहाटे लादी पाव भट्टीतून निघतो, तेव्हा त्या वासामागे यीस्टची मेहनत असते. या एकपेशीय जिवाला अंकुर फुटतो, तो वाढतो आणि लेक म्हणून आईपासून सुटतो. जाताना तिला आईकडून मायटोकाँड्रिया मिळायलाच लागतात. पेशीची ही ऊर्जाकेंद्रं शून्यातून घडवता येत नाहीत. दह्याचंच पाहा ना, विरजणाशिवाय ते लागत नाही.

म्हणून आईपासून अंकुरापर्यंत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे दोर ताणलेले असतात. मायो2 हे प्रथिन त्यांवरून चालत मायटोकाँड्रिया ओढून नेतं. त्याच वेळी नम1 काही मायटोकाँड्रिया आईकडेच बांधून ठेवतं. सगळं विरजण लेकीला दिलं, तर आईच्या घरी दही कशाचं लागणार? मला यातली ही राखून ठेवण्याची बाजू फार आवडते.

मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए असतो. तो हरवला तरी यीस्ट साखर आंबवून जगतं, पण त्याच्या वसाहती, म्हणजे प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढणारे पेशींचे पुंजके, खुरट्या राहतात. जनुकशास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसी यांनी 1949 साली पॅरिसमध्ये अशा वसाहतींचा अभ्यास मांडला. ग्लिसरॉल हे अन्न मात्र आंबवता येत नाही, म्हणून त्यावर हे यीस्ट वाढूच शकत नाही. त्यामुळे वारसा कुठे तुटला, हे ताटलीत मोजता येतं.

यीस्टची सुमारे 6000 जनुकं 1996 मध्ये वाचून झाली, तरी अनेकांचं काम कळलं नव्हतं. 2009 मध्ये संशोधकांनी संगणकाने सुचवलेली जनुकं एकेक करून काढली आणि खुरट्या वसाहतींचं प्रमाण मोजलं. ज्यांच्या अभावी ते बदललं, त्यांना एआयएम हे नाव मिळालं, म्हणजे ‘मायटोकाँड्रियाच्या वारशात बदल’. पुढे क्रमांक, आणि नोंदीत ‘कार्य अज्ञात’. जनुक नसताना काय बिघडतं एवढंच हे नाव सांगतं. जे पाहिलं तेवढंच लिहिणारी अशी नावं मला मोलाची वाटतात, कारण पुढे काय निघेल ते सांगता येत नाही.

एआयएम5, 13 आणि 37 यांचंच घ्या. 2011 मध्ये कळलं, की त्यांची प्रथिनं मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्याच्या घड्या जिथे वळतात, तिथली अरुंद तोंडं सांभाळणाऱ्या मायकॉस या प्रथिनसमूहात असतात. विरजण नेणारे हात शोधताना हाती लागली ती वाटीचीच घडण! 2014 मध्ये त्यांची नावं मिक12, मिक19 आणि मिक27 झाली. मिक19चं भावंड तो पाव खाणाऱ्या आपल्या पेशींतही आहे.